पिल्लू घरी येतं तेव्हा आधी घराला शिकावं लागतं



भाद्रपद उलटून दोन-अडीच महिने झाले, की आपल्या कन्नड भागात गल्लोगल्ली आणि शेतवस्त्यांवर कुत्र्याची पिल्लं दिसायला लागतात. कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा असतो, म्हणून हे गणित जवळपास दरवर्षी जुळतं. थंडी पडलेली असते. मक्याच्या चाऱ्याच्या गंजीआड पाच-सहा पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडून झोपलेली असतात. मग वर्गात कुजबुज सुरू होते. "बाई, आमच्या वस्तीवर कुत्री व्यालीय. सहा झालीत." "एक मला देतो का रं?" "कुत्रा घे, कुत्री नको घेऊ."

ही कुजबुज ऐकली की मला आनंद होतो आणि काळजीही वाटते. आनंद यासाठी, की लहान मुलाला प्राण्याचा लळा लागणं ही चांगलीच गोष्ट आहे. आपल्या संविधानाच्या कलम ५१-क मध्ये नागरिकांची जी मूलभूत कर्तव्यं दिली आहेत, त्यांत सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगणं हे एक आहे. काळजी यासाठी, की हौसेनं आणलेली कितीतरी पिल्लं सहा महिन्यांत नकोशी होतात. मग कुणी ती गावाबाहेर सोडतं, कुणी ढाब्याजवळ, कुणी घाटाच्या रस्त्याला. आमच्या घरी तीन वर्षांपासून भुरी नावाची गावठी कुत्री आहे. तिला वाढवताना जे पाहिलं, वाचलं आणि पशुवैद्यक डॉक्टरांकडून समजून घेतलं, ते आज तुमच्यासाठी लिहीत आहे.

किती दिवसांचं पिल्लू आणावं?

पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. साधारण १० ते १४ दिवसांनी डोळे उघडतात, त्यानंतर कान मोकळे होतात. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात यायला लागतात. नेमकं याच वयात ते सगळ्यात गोंडस दिसतं आणि मुलं ते दप्तरात घालून घरी आणतात. तसं करू नका. पिल्लू किमान आठ आठवडे आई आणि भावंडांजवळ राहिलं पाहिजे.

याचं एक कारण दूध, हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. भावंडांशी कुस्ती खेळताना एखादं पिल्लू दुसऱ्याला जोरात चावलं, की ते केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. चावणाऱ्याला समजतं, की एवढ्या जोरात चावलं तर खेळ संपतो. दात किती रोवायचे याचा हा पहिला धडा. तो भावंडांइतका चांगला कुणालाच शिकवता येत नाही. पंधरा-वीस दिवसांत आईपासून तोडलेल्या पिल्लाचा हा धडा राहून जातो आणि पुढं त्याच्या दातांचा त्रास घराला होतो.

भुरीला आम्ही संक्रांतीच्या आसपास आणलं, तेव्हा ती नऊ आठवड्यांची होती. तिची सगळी भावंडं लोकांनी नेली होती आणि ही एकटीच उरली होती, कारण ती मादी. "कुत्री पाळली की दर वर्साला लेंढार होतं," असं म्हणून लोक मादी घेत नाहीत. मग या पिल्लांच्या वाट्याला रस्ता येतो. खरं तर शिकण्यात, राखण करण्यात, जीव लावण्यात मादी कुठंच कमी नसते. लेंढाराची अडचण नसबंदीनं सुटते, त्याबद्दल पुढं लिहिते.

पहिली रात्र

पहिल्या रात्री पिल्लू रडतं. आयुष्यात पहिल्यांदाच ते एकटं झोपत असतं. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "लेकरावानी सांभाळा, पण उंबऱ्याच्या आत नको." त्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं. आपल्याकडं कुत्र्याची जागा अंगणातच. पण अंगणात ठेवायचं नाही याचं एक कारण आमच्या गावाजवळच होतं.

कन्नडला लागूनच गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. १९८६ साली ते जाहीर झालं. क्षेत्र साधारण २६० चौरस किलोमीटर. त्यात बिबटे आहेत आणि डोंगराकडच्या वस्त्यांवर बिबट्या येणं नवीन नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. शेतवस्तीत राहणाऱ्या तिथल्या बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबानं सगळ्यात मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. अंगणात साखळीला बांधलेलं पिल्लू म्हणजे बिबट्यासाठी ताटात वाढून ठेवलेला घास. त्याला पळताही येत नाही. हे सांगितल्यावर सासूबाईंनीच स्वयंपाकघराबाहेरच्या पडवीत, दाराच्या आत, तिची जागा ठरवून दिली.

पडवीत एका खोक्यात गोणपाट आणि त्यावर जुनी गोधडी टाकली. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली. पहिले चार-पाच दिवस घरातलं कुणीतरी जवळ अंथरूण टाकून झोपलं. रडलं की हात लावायचा, पण उचलून खेळायला लागायचं नाही. आठवड्यात ती शांत झोपायला लागली. तुमचं घर मळ्यात असेल, तर मोठं झाल्यावरही कुत्रं रात्री बंद दाराआड किंवा पक्क्या जाळीच्या आत ठेवा. राखण करायला त्याचा आवाज पुरतो.

खाणं : दूध-पोळीच्या पलीकडे

पिल्लू आणलं की प्रत्येक घरात एकच पदार्थ पुढं येतो, दूध-पोळी. आठ आठवड्यांच्या पिल्लाला गाईचं-म्हशीचं दूध नीट पचतंच असं नाही. बऱ्याच पिल्लांना त्यानं जुलाब होतात. दुधावर पोट भरलं, की वाढीला लागणारी प्रथिनंही पुरेशी मिळत नाहीत.

आम्ही दिलं ते असं : भाकरी किंवा भात मऊ कालवून, त्यात बिनतिखटाचं वरण, उकडलेलं अंडं आणि आठवड्यातून दोन-तीनदा उकडलेलं चिकन, हाडं काढून. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढं दोन वेळा. वेळ ठरलेली. पाणी कायम भरलेलं. परवडत असेल तर पिल्लांचं तयार खाद्यही चालतं. ते देताना मोठ्या कुत्र्याचं नको, पिल्लाचंच घ्यावं.

काय देऊ नये, हे मुलांनी वहीत लिहूनच ठेवावं. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षं आणि मनुके कुत्र्याला विषारी ठरतात. तुमच्या खिशातलं चॉकलेट प्रेमानंसुद्धा देऊ नका. बिनसाखरेच्या काही च्युइंगममध्ये झायलिटॉल असतं, तेही विषारी. शिजवलेल्या कोंबडीची हाडं मोडली की टोकदार होतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. एक गोष्ट आपल्या भागासाठी मुद्दाम सांगते. इथं मका घरोघरी. दाणे काढून झालेलं मोकळं कणीस पिल्लू आवडीनं चघळतं आणि तुकडा गिळतं. तो पचत नाही, आतड्यात अडकतो आणि कधीकधी ऑपरेशन करावं लागतं. मका सोलायच्या दिवसांत पिल्लाला खळ्यापासून लांब ठेवा.

लसीकरणाचं वेळापत्रक

पिल्लाचं लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतं. पार्वो, डिस्टेंपर यांसारख्या रोगांची एकत्रित लस असते. ती दर तीन ते चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत पुन्हा द्यावी लागते. पहिल्या लसीनंच काम का भागत नाही? कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती काही काळ पिल्लाच्या अंगात असते आणि ती लसीला नीट काम करू देत नाही. ती नेमकी कधी संपेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून टप्प्याटप्प्यानं लस. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, पुढं डॉक्टर सांगतील तशी वर्षाच्या वर्षाला. जंताचं औषध सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनंतर महिन्यातून एकदा, असं सहा महिन्यांपर्यंत. औषधाचं प्रमाण वजनावर ठरतं, म्हणून शेजाऱ्याच्या कुत्र्याची उरलेली गोळी देऊ नका.

पार्वोबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण गावाकडं पिल्लं दगावण्याचं ते मोठं कारण आहे. पिल्लू एकाएकी मलूल होतं, खात नाही, ओकतं आणि घाण वासाचे, रक्ताचे जुलाब करतं. "थंडी बाधली असंल, उद्या बघू," असं म्हणण्यात रात्र गेली तर पिल्लूही जातं. शरीरातलं पाणी झपाट्यानं कमी होतं, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. हा विषाणू मातीत कितीतरी महिने टिकतो. ज्या घरात पिल्लू या रोगानं गेलं, तिथं लस न झालेलं दुसरं पिल्लू लगेच आणू नये. जागा ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुवावी.

लसीच्या तारखा आम्ही कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिल्या होत्या. गॅस सिलिंडरची तारीख आपण लिहितो, तशीच ही.

जग दाखवायचे दिवस

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकन संशोधकांनी पिल्लांच्या वाढीवर अनेक वर्षं काम केलं आणि १९६५ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांना असं दिसलं, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या स्वभावासाठी फार मोलाचा असतो. या काळात जे भेटतं, ते त्याला आपलं वाटतं. जे भेटत नाही, त्याची पुढं भीती वाटते. आणि घाबरलेलं कुत्रंच बहुतेक वेळा चावतं.

इथं एक पेच येतो. लसी पूर्ण होईपर्यंत भटकी कुत्री फिरतात त्या जमिनीवर पिल्लू सोडायचं नाही, पण जग तर याच वयात दाखवायचं. यावर उपाय सोपा आहे : कडेवर घेऊन फिरवा. आमच्या मुलीनं भुरीला टॉवेलात गुंडाळून रोज दहा मिनिटं फिरवलं. ट्रॅक्टर, एसटीचा हॉर्न, बैलांच्या घुंगरमाळा, लग्नाचा बँड (लांबून), हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत येणारे आजोबा, बुरखा घातलेल्या काकू, टोपीवाले शेतकरी, रडणारं तान्हं बाळ. प्रत्येक नव्या गोष्टीबरोबर खाऊचा एक छोटा तुकडा. घाबरली तर जवळ ओढायचं नाही, चार पावलं मागं जायचं. आज पोळ्याला बैल दारात आले तरी भुरी शेपूट हलवत बघत बसते.

शू-शी आणि चप्पल

शू-शी शिकवायला मार लागत नाही, लक्ष लागतं. पिल्लू झोपून उठलं, खाल्लं किंवा खेळून थांबलं, की पाच-दहा मिनिटांत त्याला शू लागते. त्या प्रत्येक वेळी उचलून एकाच ठरलेल्या जागी न्यायचं. झाली की तिथंच, लगेच, "शाब्बास!" म्हणून खाऊ द्यायचा. घरात येऊन दिला तर त्याला वाटतं, घरात आल्याबद्दल मिळाला. पिल्लू किती वेळ धरू शकतं याचा एक ढोबळ हिशेब आहे : वयाचे महिने अधिक एक, तेवढे तास. दोन महिन्यांचं पिल्लू जास्तीत जास्त तीन तास. म्हणजे रात्री एकदा तरी उठावं लागतं. घरात कुठं झालीच तर पुसून, साबणानं धुऊन वास घालवायचा. त्याचं नाक त्यात घासायची पद्धत अजून काही घरांत आहे. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं, की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ते कॉटखाली लपून करतं.

आता चप्पल. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात, सुईसारखे. चौथ्या ते सहाव्या-सातव्या महिन्यात ते पडून पक्के ४२ दात येतात. त्या काळात हिरड्या शिवशिवतात आणि समोर येईल ते चावावंसं वाटतं. त्यात खोडसाळपणा नसतो. ओल्या सुती फडक्याला गाठी मारून थंड केलं आणि चघळायला दिलं, तर त्याला आराम पडतो. चपला उचलून ठेवायचं काम आपलं. आमच्याकडं यावरून एक चांगलंच झालं. जी चप्पल रोज दारात इकडं-तिकडं पडायची, ती आता मांडणीवर जाते. हे मला मुलीला पाच वर्षं सांगून जमलं नव्हतं, ते भुरीनं पंधरा दिवसांत जमवलं!

खेळताना हाताला दात लागले, तर "आ!" म्हणून खेळ थांबवायचा, हात मागं घ्यायचा आणि अर्धा मिनिट दुर्लक्ष करायचं. भावंडं जे करत होती तेच. थोबाडीत मारली तर पिल्लाला हाताची भीती बसते आणि पुढं कुणी कुरवाळायला हात पुढं केला तरी ते दात दाखवतं.

चार माणसं, चार शब्द

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांना १९०४ साली पचनक्रियेवरच्या संशोधनासाठी नोबेल मिळालं. कुत्र्यांवर काम करताना त्यांना दिसलं, की खाण्याआधी रोज ठरावीक आवाज ऐकवला, तर पुढं नुसत्या आवाजानंही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. म्हणजे दोन गोष्टी पुन्हा पुन्हा लागोपाठ घडल्या, की कुत्रं त्यांची सांगड घालतं. पिल्लाच्या शिक्षणाचा पाया हाच आहे. शब्द, कृती आणि खाऊ एका पाठोपाठ एक, दोन सेकंदांच्या आत.

"बस" शिकवायचं असेल तर खाऊचा तुकडा नाकासमोर धरून हळूच डोक्यावरून मागं न्यायचा. नाक वर गेलं की बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं की "बस" म्हणायचं आणि तुकडा द्यायचा. एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. भाकरीचा तुकडाही चालतो.

भुरीला पहिल्या आठवड्यात हे जमेना. मी बारकाईनं पाहिलं तेव्हा कारण सापडलं. मी "बस" म्हणत होते, मुलगी "सिट", तिचे पप्पा "खाली", आणि सासूबाई "बैस गं बाई". चार शिक्षकांनी एकाच तासाला चार वेगवेगळी पुस्तकं उघडल्यावर मुलानं काय शिकावं? मग स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटवला. पाच शब्द : बस, ये, थांब, सोड, शाब्बास. घरातल्या सगळ्यांनी हेच वापरायचे. शिवाय तीन नियम : जेवताना ताटातलं कुणी द्यायचं नाही, अंगावर उडी मारली तर पाठ फिरवायची, आणि "ये" म्हणून बोलावून कधीही रागवायचं नाही. या शेवटच्या नियमामागं मोठं कारण आहे. उद्या कुत्रं रस्त्यावर धावलं आणि समोरून ट्रक आला, तर त्याचा जीव वाचवणारा शब्द "ये" हाच असतो. त्या शब्दाला मार चिकटला तर ते येणार नाही.

कागद लागल्यावर चार दिवसांत भुरी बसायला शिकली. आधी शिकायचं होतं ते आम्हालाच.

चावलं तर लपवू नका

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या वर्गात एक मुलगा थंडी नसताना बाही खाली ओढून बसायचा. शेजारच्यानं मला हळूच सांगितलं. बाही वर केली तर मनगटावर दोन बारीक दातांच्या खुणा, आदल्या दिवशीच्या. त्यानं घराजवळच्या एका पिल्लाला भाकरी घातली होती, खेळता खेळता ते चावलं. तो रडायला लागला. "बाई, घरी सांगू नका. पिल्लाला सोडून देतील."

मुलांनो, या वाक्यापायी जीव जाऊ शकतो. रेबीज म्हणजे पिसाळण्याचा रोग. माणसात त्याची लक्षणं एकदा सुरू झाली, की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. पण लक्षणं दिसण्याआधी वेळेवर लस घेतली, तर तो पूर्ण टाळता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्यांमुळे होतो आणि संशयित प्राण्यांनी चावलेल्यांमध्ये सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात. म्हणजे तुमच्याच वयाची.

आम्ही त्याचा हात शाळेच्या नळाखाली साबण लावून घड्याळ बघून पंधरा मिनिटं धुतला. एक दिवस उलटला असला तरी धुवावंच. त्याच्या वडिलांना बोलावलं. ते म्हणाले, "पिल्लूच हाय ना बाई, दूध पितं अजून. त्याचं काय इख असतंय?" पिल्लालाही रेबीज होऊ शकतो, हे त्यांना समजावून सांगितलं. मग ते मुलाला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. कातडीत द्यायची लस सध्या चावल्यानंतर पहिल्या दिवशी आणि नंतर तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर जखमेभोवती वेगळं इंजेक्शनही देतात. "पोटात चौदा इंजेक्शनं" ही आजी-आजोबांच्या काळातली भीती. ती पद्धत भारतात २००५ च्या सुमारासच बंद झाली. आताची लस दंडात घेतात. जखमेवर हळद, तिखट, चुना, तेल काहीही लावू नये. मांत्रिकाकडं वेळ घालवू नये.

लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस द्यायला सुरुवात केली आणि तो वाचला. १४० वर्षं झाली. आज लस तालुक्याच्या गावात मिळते, तरी लोक मरतात, त्यातले कितीतरी केवळ सांगायला उशीर झाल्यामुळे.

आमच्या त्या विद्यार्थ्यानं सगळे डोस पूर्ण केले. पिल्लावर घरच्यांनी लक्ष ठेवलं, ते ठणठणीत राहिलं. तीन महिन्यांचं झाल्यावर त्याला रेबीजची लस टोचायला वडील स्वतः घेऊन गेले. पालकांना माझी हात जोडून विनंती आहे : "चावलं तर हाकलून देईन" अशी धमकी मुलांना देऊ नका. धमकीनं पिल्लू चावायचं थांबत नाही, मूल सांगायचं थांबतं.

उन्हाळा, पावसाळा आणि पुढचा भाद्रपद

कुत्र्याला आपल्यासारखा सगळ्या अंगाला घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून धापा टाकत अंग थंड करतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी फिरवू नका. डांबरी रस्त्यावर आधी आपला तळहात ठेवून पाहा. पाच सेकंद ठेवता आला नाही, तर त्याचे पंजेही पोळतील. पावसाळ्यात कानामागं, बोटांच्या बेचक्यात गोचीड रोज तपासा. चिमट्यानं मुळाशी धरून सरळ ओढून काढा. रॉकेल लावू नका.

सहा महिन्यांनंतर मादी कधीही माजावर येऊ शकते. त्याआधीच डॉक्टरांशी बोलून नसबंदीची वेळ ठरवा. आम्ही भुरीची करून घेतली. दोन दिवस ती मलूल होती, दहा-बारा दिवसांत टाके बरे झाले. केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही पाळीव प्राण्याचं लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी मानली आहे. आणि पाळलेला प्राणी विनाकारण अन्न-पाण्यावाचून हाल होतील असा सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. मादी पिल्लू पोत्यात घालून ओढ्याकाठी सोडणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. तुम्ही सांगा.

आणण्याआधी सोडवायचे प्रश्न

पिल्लू मागण्याआधी घरात सगळ्यांनी बसून या प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा :

१. पुढची दहा-बारा वर्षं याला कोण सांभाळणार?
२. सकाळी उठून बाहेर कोण नेणार? परीक्षेच्या दिवसांत कोण?
३. लसींचा आणि खाण्याचा खर्च महिन्याच्या हिशेबात बसतो का?
४. लग्नाला, गावाला, तोडणीच्या हंगामाला गेलो तर ते कुणाजवळ राहील?
५. ते रात्री कुठं झोपणार?
६. आपले पाच शब्द कोणते?

सगळ्या उत्तरांपुढं माणसाचं नाव लिहिता आलं, तर खुशाल आणा आणि मादी उरली असेल तर तिचा आधी विचार करा. एखाद्या प्रश्नापुढं नाव लिहिता आलं नाही, तर यंदा थांबा. तोवर दारात येणाऱ्या कुत्र्यासाठी पाण्याचं एक भांडं भरून ठेवा. तेवढ्यानंही सुरुवात होते.